मोगऱ्याला कात्री लावायची असते

माझ्या सासूबाई मोगऱ्याला लोखंड लागू द्यायच्या नाहीत. "फुलतं झाड हाय ते, त्याला कात्री कसली लावताय?" म्हणायच्या. सांगलीत गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या परसात तो मोगरा होता. पुरुषभर उंच, खालून सगळा उघडा, आत वाळक्या काटक्यांचा भारा आणि शेंड्याला तेवढा हिरवा. एप्रिल-मेमध्ये स्टुलावर उभं राहून कळ्या काढायच्या, त्याही ओंजळ भरेल न भरेल एवढ्याच. झाडाचं वय झालंय, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. एप्रिलात खरड छाटणी झाली की नवख्या पाहुण्याला वाटायचं, ह्यांनी बाग मोडली. ऑक्टोबरात परत फळछाटणी. नवी काडी नाही तर घड नाही, हे आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ. त्यामुळं तो मोगरा बघितला की माझे हात शिवशिवायचे. एका जानेवारीत सासूबाई नणंदेकडं कऱ्हाडला आठ दिवस गेल्या आणि मी माहेरची कात्री आणून ते झाड कमरेच्या खाली आणलं. परत आल्यावर दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाडव्याच्या सकाळी मात्र परसातून सूपभर कळ्या आणून त्यांनी ओट्यावर ठेवल्या, काहीही न बोलता. पुढच्या वर्षी संक्रांत झाल्यावर स्वतःच विचारलं, "ती तुझी कात्री कुठं हाय?"

मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते. जुन्या लाकडाला येत नाही. जितके नवे शेंडे तितके कळ्यांचे झुबके, हा सगळा हिशोब. "वहिनी, रोप हिरवंगार आहे पण फूलच नाही" असं म्हणत जे येतात, त्यातल्या बहुतेकांनी झाडाला कधी कात्री लावलेली नसते. उरलेल्यांनी ते सावलीत ठेवलेलं असतं.

रोप घेताना

बिनकळीचं रोप घेऊ नका. मी एकदा पावसाळ्यात एका नर्सरीतून बट मोगरा म्हणून रोप आणलं, वर्षभर सांभाळलं आणि फुललं तेव्हा एकेरी निघालं. फेब्रुवारी ते मे या दिवसांत जायचं, कळी डोळ्यांनी बघायची आणि मगच पैसे द्यायचे.

बट मोगरा म्हणजे गच्च पाकळ्यांचा, छोट्या गुलाबासारखा गोल. फुलं मोजकी, पण एक फूल देवापुढं ठेवलं तरी खोली भरते. गजऱ्याला तो जड जातो. हजारी झुबक्यानं येतो आणि कुंडीत छान राहतो. मदनबाणाची कळी लांबट, टोकदार. वेली मोगऱ्याला आधार लागतो, गॅलरीच्या गजांवर चढवायचा असेल तर तो घ्या. मला विचाराल तर पहिलं रोप हजारीचंच असावं, तो चुका माफ करतो.

जाई, जुई, कुंद ही मोगऱ्याची भावंडं, पण पानावरून लगेच ओळखू येतात. मोगऱ्याचं पान एकेक, गोलसर, चकचकीत, समोरासमोर. जाईचं पान कडुलिंबासारखं अनेक पानोळ्यांचं. कुंदाच्या पानाला बारीक लव असते आणि तो थंडीत फुलतो. आणि काडी मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती तगर आहे. तिला मोगरा म्हणून विकणारे मी बघितलेत.

ऊन किती, हे रोप आणायच्या आधीच बघून ठेवा. सहा तास थेट ऊन मिळालं तर उत्तम. पूर्वेच्या गॅलरीत चार तास मिळत असेल तर फुलं येतील, पण निम्मी. उत्तरेच्या गॅलरीत मनीप्लांट लावा, छान येतो.

माती, आणि आमचा पूर

सासूबाईंचा मोगरा २०१९ च्या ऑगस्टात गेला. कृष्णेचं पाणी परसात शिरलं आणि आठवडाभर हललं नाही. ओसरल्यावर वीतभर गाळ, आणि त्यात उभं असलेलं झाड वरून शाबूत दिसत होतं. मी वेडी आशेनं गाळ काढत बसले. पंधरा दिवसांत पानं काळी पडून गळाली, खोड खरवडलं तर आत तपकिरी. मुळांना हवा मिळाली नाही की मोगरा असा जातो. त्याला पुरासारखा पूर यावा लागत नाही. बंद भोकाची कुंडी असली तरी हेच होतं, फक्त आठवडा लागायच्या ऐवजी महिना लागतो.

आमच्या भागातली काळी माती उसाला, हळदीला सोन्यासारखी. पण कुंडीत तीच माती पावसाळ्यात लोण्यासारखी घट्ट बसते आणि उन्हाळ्यात कुंडीच्या कडेपासून सुटून भेगाळते. मग वरून घातलेलं पाणी कडेनं थेट खाली वाहून जातं, मुळं कोरडीच. नुसती काळी माती वापरू नका. माझं माप असं : दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, पाऊण घमेलं विटांचा जाडसर चुरा. वाळूपेक्षा मला विटांचा चुरा आवडतो, वीटभट्टीवर तुकडे सहज मिळतात, घरी हातोडीनं फोडायचे. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते अजून कुजलेलं नाही, महिनाभर बाजूला ठेवा.

कुंडी बारा ते चौदा इंची. रोप लहान आहे म्हणून सहा इंचीत लावाल तर मेमध्ये दिवसातून तीनदा पाणी घालत बसाल. कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नका, खाली दोन विटा द्या. मेमध्ये आमची गच्ची चपलेशिवाय चालवत नाही, त्या तव्यावर मुळांचं काय होत असेल! मातीवर चार बोटं उसाचं पाचट अंथरते. शेतात जे जाळतात ना, तेच. एक पोतं पाचट माझ्या नऊ कुंड्यांना उन्हाळाभर पुरतं आणि पाणी निम्मं लागतं.

कुंड्यांचा आणखी एक फायदा २०२१ च्या जुलैत कळला. परत पूर आला, पण तेव्हा मोगरे वर गच्चीत होते. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की परसात उतरवलेल्या कुंड्या मी आधी वर नेते, मग गहू-तांदूळ. ह्यांना ते पटत नाही.

पाणी

बोरचं पाणी आमच्याकडं खारट. मिरज-वाळव्याकडच्या क्षारपड जमिनी ज्यांनी बघितल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसायला लागला, पानांच्या कडा करपल्या, तर ते मीठ साठलंय. महिन्यातून एकदा कुंडीला नळाच्या गोड्या पाण्याची चांगली आंघोळ घालायची, खालच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत. म्हणजे मीठ धुऊन जातं. पाण्याच्या फिल्टरमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी काही जण काटकसर म्हणून झाडांना घालतात. आरओच्या त्या पाण्यात तर गाळून काढलेले सगळे क्षारच असतात! ते फरशी पुसायला वापरा.

रोज ठरलेलं मापटं ओतायची सवय नको. बोट पेरभर मातीत खुपसायचं. ओलं लागलं तर पुढच्या कुंडीकडं जायचं. उन्हाळ्यात सकाळी एकदा, भोकातून थेंब पडेपर्यंत. थोडं थोडं दिवसातून चारदा घातलं की वरची माती ओली आणि तळ कोरडा राहतो.

पान पिवळं, पण शिरा हिरव्या, आणि तेही कोवळ्या पानांवर : ही लोहाची कमतरता. आपल्या मातीत चुनखडी जास्त, त्यामुळं मातीत लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात २ ते ३ ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, विरघळवून त्यात अर्धं लिंबू पिळते आणि ऊन उतरल्यावर पानांवर फवारते. दहा दिवसांनी परत एकदा. फरशीवर पडलं तर तांबूस डाग पडतात आणि जात नाहीत, तेव्हा कुंडी बाजूला घेऊन मारा. आणि चुलीतली राख या मोगऱ्याला घालू नका. पालाश मिळतो म्हणून सगळे सांगतात, पण राखेनं चुनखडीच्या मातीचा त्रास आणखी वाढतो.

दत्तजयंती ते पाडवा

हा भाग नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

दत्तजयंतीला औदुंबरला जाऊन आले की मी मोगऱ्याचं पाणी तोडते. द्राक्षवाले याला ताण देणं म्हणतात. थंडीत मोगरा तसाही झोपेला आलेला असतो. तेव्हा पाणी आणि खत देत राहिलं तर तो अर्धवट जागा राहून चार पानं काढतो आणि उन्हाळ्यात दमतो. कुंडीतल्या झाडाला शेतातल्यासारखं पूर्ण कोरडं ठेवायचं नाही. आठ दिवसांतून एकदा तांब्याभर पाणी, बस्स. पानं निस्तेज होतील, काही पिवळी पडून गळतील. इथंच बायकांचं काळीज हलतं आणि त्या बादली घेऊन गच्चीत जातात. जाऊ नका.

संक्रांत झाली, थंडीचा कडाका उतरायला लागला की छाटणी. कात्री धारदार हवी, भाजीची नको. बोथट कात्रीनं साल चिरडते आणि काडी वरून खाली वाळत येते. आधी वाळक्या काटक्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या, मग पेन्सिलीहून बारीक दुबळ्या काड्या काढायच्या. राहिलेल्या चांगल्या काड्या निम्म्यावर आणायच्या. जमिनीपासून फूट-दीड फूट झाड राहिलं की पुरे. डोळा म्हणजे काडीवर जिथून फुटवा निघतो ती जागा. त्या डोळ्याच्या वर पाव इंचावर काप, आणि तो डोळा झाडाच्या बाहेरच्या बाजूला बघणारा निवडायचा, म्हणजे फुटवा आत न शिरता बाहेर जातो आणि मध्ये ऊन-वारा खेळतो. उरलेली पानंही हातानं काढून टाका. शेवटी कुंडीत पाच-सहा काटक्या उभ्या राहतील. शेजारीण विचारेल, मेलं का? नाही म्हणून सांगा.

दोन दिवस तसंच ऊन खाऊ द्या. मग वरची दोन बोटं माती खुरप्यानं सैल करायची. त्यात दोन ओंजळी शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, एक चमचा सुपर फॉस्फेट, एक चमचा पोटॅश. आणि मग भरपूर पाणी. ताणातून उठलेल्या झाडाला ते पाणी मिळालं की तीन आठवड्यांत प्रत्येक डोळ्यातून तांबूस-हिरवा फुटवा निघतो. मार्चच्या सुरुवातीला त्याच्या टोकाला हिरवे मोती दिसतात.

दर दोन वर्षांनी याच वेळी मी कुंडी उलटी करून मुळांचा गोळा बाहेर काढते. बाहेरून दोन बोटं मुळं सुरीनं तासायची, ताजी माती भरायची आणि झाड परत त्याच कुंडीत. मुळं काप खातात का, असं विचारतात लोक. खातात. फक्त वरची छाटणी आणि ही तासणी एकाच वेळी करा, म्हणजे कमी मुळांवर जास्त पानांचा भार पडत नाही.

पाडव्याच्या आसपास पहिला बहर जोरात येतो. तो ओसरला की सगळ्यात जास्त चुकतं ते इथं : लोक वाट बघत बसतात. फुलून गेलेला प्रत्येक शेंडा पानांच्या दोन जोड्या सोडून खाली छाटा. तिथून दोन फुटवे येतात, म्हणजे एकाच्या जागी दोन झुबके. महिना-सव्वा महिन्यात दुसरा बहर. असं मी पाऊस लागेपर्यंत दोन-तीनदा करते.

खताचं म्हणाल तर युरियाची, म्हणजे नुसत्या नत्राची, चूक मी करून झाले आहे. भावानं दिलेला वाडगाभर युरिया एका मार्चमध्ये सगळ्या कुंड्यांत वाटला. पानं तळहाताएवढी झाली आणि कळ्या नऊ कुंड्यांत मिळून बोटांवर मोजण्याइतक्या. मदुराईची मल्ली, म्हणजे तिकडचा मोगरा, प्रसिद्ध, तिला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या तमिळनाडूत शेतातल्या मोगऱ्याला वर्षाला झाडामागे ६० ग्रॅम नत्र आणि १२०-१२० ग्रॅम स्फुरद, पालाश अशी शिफारस आहे. म्हणजे नत्र निम्मंच. कुंडीत हे आकडे वापरू नका, ते भुईतल्या मोठ्या झाडाचे आहेत, पण प्रमाण लक्षात ठेवा.

मी दोनच गोष्टी देते. एक म्हणजे शेंगपेंड. व्हिडिओंमध्ये सगळे मोहरीची पेंड सांगतात, आपल्याकडं तेलघाण्यावर शेंगदाण्याची ताजी मिळते ती काय वाईट आहे? १०० ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात झाकून तीन-चार दिवस ठेवायची, मग त्यात दहापट पाणी घालून पंधरा दिवसांतून एकदा तांब्या-तांब्याभर द्यायची. वासाचा बंदोबस्त आधी करा, आमच्या शेजाऱ्यांनी एकदा ड्रेनेज तुंबलं म्हणून माणूस बोलावला होता. दुसरी गोष्ट, कळी धरताना भावाच्या बागेतलं झिरो बावन्न चौतीस, म्हणजे नत्र अजिबात नसलेलं, स्फुरद-पालाशाचं पाण्यात विरघळणारं खत. दोन लिटर पाण्यात चमचाभर, बहराला एकदा. द्राक्षाच्या गावात कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मागा, पण छोटी पुडी मागा.

कीड

एप्रिलच्या कोरड्या उन्हात पानं धुळकट, फिकट दिसायला लागली की पान उलटून बघा. बारीक जाळी आणि लाल ठिपके हलताना दिसले तर लाल कोळी. सकाळी पाइपच्या जोराच्या धारेनं पानांच्या खालची बाजू सलग चार दिवस धुवा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

कळीला बारीक भोक आणि आत हिरवी अळी असेल तर त्या कळ्या आणि जाळीनं जोडलेल्या शेजारच्याही तोडून टाका. कळ्या जांभळट होऊन न फुलता गळत असतील तर ते कळीमाशीचं काम. तिच्या अळ्या पुढं मातीत जाऊन कोष करतात, म्हणून गळलेल्या कळ्या कुंडीतच खत होतील म्हणून ठेवू नका. वेचून जाळायच्या. दोन्हीसाठी कळी धरायच्या आधीपासून लिटरला ५ मिली निंबोळी तेल, त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, दहा दिवसांनी एकदा, संध्याकाळी. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्यांच्या मागं न लागता त्या कुठं जातात ते बघा. बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण सापडेल. जुन्या टूथब्रशनं घासून काढा.

काडी लावायची तर

मृगाचा पाऊस झाल्यावर. पेन्सिलीएवढी, ना कोवळी ना अगदी लाकूड झालेली, वीतभर काडी, तीन-चार डोळ्यांची. खालची पानं काढा, दोन डोळे मातीत, दोन वर. सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. रोज उपटून बघू नका, हे मी नातवालाच सांगते असं नाही. ज्याला काडी जमत नाही त्यानं दाब कलम करावं. खालची लांब फांदी वाकवून, डोळ्याखाली थोडी साल खरवडून शेजारच्या कुंडीत मातीखाली दाबायची आणि वर दगड ठेवायचा. दोन-तीन महिन्यांनी आईपासून तोडा.

आमच्या घरचा मोगरा असाच परत आला. सासूबाईंनी कधीतरी नणंदेला काडी दिली होती. ती कऱ्हाडात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत जगली होती. पुरानंतरच्या जूनमध्ये नणंदेनं ओल्या फडक्यात गुंडाळून सहा काड्या पाठवल्या, त्यातल्या चार लागल्या.

कळ्या काढायची वेळ दुपारी चारनंतरची. पांढऱ्या, फुगलेल्या, पण मिटलेल्या तेवढ्याच घ्यायच्या. हिरवट राहिलेल्या उद्यासाठी. तोडलेली कळीही संध्याकाळी फुलते, म्हणून तर पहाटे खुडलेल्या कळ्या बाजारात दिवसभर टिकतात. ओवेपर्यंत ओल्या सुती फडक्यात ठेवा, पाणी शिंपडत बसू नका, डागाळतात. केळीच्या खोडाचा धागा ओला करून त्यावर गाठ मारलेला गजरा सुईनं ओवलेल्यापेक्षा जास्त वेळ टवटवीत राहतो.

उरलेल्या चार-पाच कळ्या रात्री माठात टाकल्या की सकाळी पाणी प्यावंसं वाटतं. पण निंबोळी तेल फवारल्यावर पंधरा दिवस त्या झाडाच्या कळ्या माठात घालायच्या नाहीत. गेल्या मेमध्ये मी फवारलं आणि सुनेनं संध्याकाळी कळ्या टाकल्या. ह्यांनी सकाळी तांब्याभर पाणी पिऊन तोंड वाकडं केलं, कुणाला काही विचारलं नाही, आणि दुपारी बाजारातून नवा माठ घेऊन आले.